हाकेमागचे मीठ : एका स्विस गुराखीगीताचा विचार

पुनरुत्थानकाळातील चौथ्या रविवारी आपल्या चर्चमध्ये संत योहानाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा एखादा भाग दरवर्षी वाचला जातो. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, मेंढरे त्याचा आवाज ओळखून त्याच्यामागून जातात आणि परक्याच्या आवाजाला बुजून दूर पळतात, असा त्या दृष्टान्ताचा गाभा आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली सुरू केलेला पाचारणासाठी प्रार्थनेचा जागतिक दिनही याच रविवारी पाळला जातो. त्या दिवशीच्या प्रवचनांतून मेंढपाळाच्या प्रेमाविषयी, त्यागाविषयी, हरवलेल्या मेंढराच्या शोधाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु दृष्टान्ताचा सारा डोलारा ज्या एका गोष्टीवर उभा आहे, त्या हाकेविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. 'पाचारण' हा शब्द भारदस्त आहे. पण त्याच्या मुळाशी गोठ्याच्या दारात उभे राहून मारलेली साधी हाक आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

ही हाक समजून घ्यायची, तर तिच्यातूनच जन्माला आलेल्या एखाद्या गीताकडे वळणे उपयुक्त ठरेल. असे एक गीत स्वित्झर्लंडमध्ये आहे. फ्रेंच भाषेत त्याला 'राँ दे वाश' म्हणतात. युरोपच्या संगीतात व साहित्यात या गीताला मोठी कीर्ती लाभली. परंतु ज्या रूपात ती लाभली, त्यात गीताचा अर्धाच भाग शिल्लक उरला होता, असे मला वाटते. जो अर्धा भाग मागे पडला त्यात एक धर्मगुरू आहे, म्हणून आपल्यासारख्या वाचकांना तो अधिक जवळचा वाटावा. आणि धर्मगुरूंना तर तो थोडा बोचावा!

हाक म्हणजे काय?

मराठी भाषा या बाबतीत मोठी जाणती आहे. आरोळी, हाळी, साद, हाक, बोलावणे, पाचारण या प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे. आरोळी कोणाच्याही कानी पडावी म्हणून ठोकलेली असते. हाक कोणाला तरी उद्देशून असते. तिला ऐकणारा ठरलेला असतो. म्हणूनच हाकेला 'ओ' देण्याची रीत आहे, आरोळीला नाही.

गुरांना मारलेल्या हाकेत आणखी एक गोष्ट असते. ज्यांच्या परड्यात एके काळी गाय होती, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको. आंबोणाचे घमेले हाती घेऊन मारलेली हाक आणि रिकाम्या हाताने मारलेली हाक यांतील फरक गाईला फार लवकर कळतो. रिकाम्या हाकेला ती एकदा फसते, दोनदा फसते. पुढे मान वर करून पाहतसुद्धा नाही. तीच गोष्ट अंगणातील कोंबड्यांची. दाणे टाकणाऱ्या घरधनिणीच्या आवाजाने त्या धावत येतात, याचे कारण त्या आवाजातील माधुर्य नव्हे. त्या आवाजामागे आजवर रोज दाणे आले आहेत. म्हणजे हाक हे एक वचन आहे. ती मारणाऱ्याने आजवर हे वचन किती पाळले, यावरच तिचे बळ अवलंबून असते.

ग्रुयेरच्या डोंगरावर

पश्चिम स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर प्रांतात ग्रुयेर नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. हा प्रांत जुन्या कॅथलिक परंपरेचा. उन्हाळ्याच्या तोंडावर, बर्फ वितळले की येथील गुराखी गाई घेऊन आल्प्सच्या चढत्या कुरणांवर जातात आणि शरद ऋतूत खाली उतरतात. मधले महिने त्यांचा मुक्काम डोंगरावरील लाकडी घरांत असतो. दूध रोज खाली गावात नेणे शक्य नसते, म्हणून ते तिथेच मोठ्या कढईत तापवून, त्यात विरजण्यासाठी रेनेट घालून चीज करतात. ग्रुयेरचे चीज जगप्रसिद्ध आहे. सुमारे ३५ किलोंच्या एका चक्रासाठी सुमारे ४०० लिटर दूध लागते. एवढ्या दुधासाठी पुष्कळ गाई वेळेवर हाताशी यायला हव्यात, आणि त्या तर दिवसभर डोंगरभर पांगलेल्या असतात. म्हणून हाक!

तेथील गुराख्याला 'आरमायी' म्हणतात. त्याच्या पारंपरिक पोशाखात खांद्याला अडकवलेली एक चामडी पिशवी असते आणि तिच्यात मीठ असते. डोंगरावरील कोवळ्या गवतात सोडियम कमी असते, त्यामुळे गाईंना मिठाची ओढ लागते. हाक ऐकून आलेल्या गाईला गुराखी आपल्या तळहातावरून मीठ चाटू देतो. ग्रुयेरच्या हाकेमागचे वचन म्हणजे हे मीठ.

या हाकेसाठी तेथे एक शब्द आहे, 'ल्योबा'. त्या प्रदेशाच्या बोलीत तो गाईंना बोलावण्यासाठीच आहे. उच्चारताना त्यातील 'ओ' आणि 'आ' हे उघडे स्वर दूरवर लांबवले जातात. दरीच्या पलीकडे आवाज जायचा तर बंद ओठांची अक्षरे उपयोगाची नाहीत, हे गुराख्यांना कोणत्याही संगीतशाळेत न जाता ठाऊक होते. या शब्दाभोवती गीताचे पालुपद गुंफले आहे. त्यात गाईंना त्यांच्या रंगावरून, कपाळावरच्या खुणेवरून, वयावरून बोलावले आहे. कोणत्या झाडाखाली दूध काढायचे आहे, तेही सांगितले आहे. आपल्याकडेही ढवळी, तांबडी, काळी, मोरी अशी गाईंची नावे रंगावरूनच पडत आली. तेव्हा हे पालुपद मराठी शेतकऱ्याला परके वाटू नये.

पालुपदाचा एक गुण मला विशेष मोलाचा वाटतो. गाईंना कशासाठी बोलावले आहे, हे ते लपवीत नाही. दूध काढायचे आहे म्हणून या, असे ते उघडपणे सांगते. गुराखी निरपेक्ष प्रेमाचा आव आणत नाही. तो मीठ देणार आहे आणि दूध घेणारही आहे. देणे आणि घेणे या दोन्ही गोष्टी एका हाकेत प्रामाणिकपणे मांडल्या आहेत. लोकगीतांतील सरळपणा आपण अनेकदा भाबडेपणा समजतो. येथे तो व्यवहारातील सचोटीचा आहे.

नावानिशी हाक मारण्याचा परिणाम दुधावर होतो काय, असा प्रश्न इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनाही पडला होता. ज्या गोठ्यांत गाईंना नावाने हाक मारली जाते, तेथे दर गाईमागे वर्षाला सरासरी २५८ लिटर दूध अधिक मिळते, असे त्यांनी २००९ साली नोंदवले. यात नावाची जादू शोधण्याचे कारण नाही. जो नाव ठेवतो तो लक्षही ठेवतो, एवढाच याचा समजूतदार अर्थ. संत योहानाच्या दहाव्या अध्यायात नावानिशी हाक मारणारा मेंढपाळ आणि पळून जाणारा मोलकरी यांत जो फरक दाखवला आहे, तोही हाच.

हाकेचे रूपांतर आठवणीत

आता या गीताच्या कीर्तीकडे वळू. स्विस गुराख्यांच्या अशा गाण्यांपैकी अपेनझेल या भागातील एक १५४५ साली जर्मनीत छापले गेले होते. परंतु युरोपचे लक्ष त्यांकडे गेले ते एका वेगळ्याच कारणाने. पोपमहोदयांच्या सेवेतील स्विस गार्ड आपल्याला ठाऊक आहेत; तसे हजारो स्विस तरुण त्या काळी फ्रान्ससह अनेक राजांच्या पदरी पगारी सैनिक म्हणून होते. घरापासून दूर असलेल्या या तरुणांना एक विचित्र आजार जडतो, ते झुरतात, खंगतात, असे वैद्यांच्या ध्यानात आले. योहान्नेस होफर नावाच्या तरुण वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात या आजाराला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. आज जगभर रूढ झालेला हा शब्द मुळात वैद्यकातला आहे. पुढे १७१० साली थिओडोर झ्विंगर या वैद्याने या आजाराची चर्चा करताना गुराख्यांच्या गाण्याचा संबंध त्याच्याशी जोडला.

ज्याँ-जाक रुसो याने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात ही गोष्ट अधिक ठळक केली. या गाण्याने स्विस सैनिक रडू लागत, पळून जात किंवा प्राण सोडत, म्हणून सैन्यात ते वाजवण्यास मृत्युदंडाची धमकी देऊन बंदी होती, असे त्याने लिहिले. मात्र रुसोची समीक्षकाची नजर त्याच्या पुढच्या विचारात दिसते. परक्या माणसावर या सुरांचा असा परिणाम होत नाही. तेव्हा येथे संगीत केवळ संगीत म्हणून काम करीत नसून आठवणीची खूण म्हणून काम करते, असे त्याचे म्हणणे होते. हे निरीक्षण मार्मिक आहे. आखातात वा इतर परदेशी नोकरीला असलेल्या आपल्या मुलांना गावच्या सणाच्या गाण्याने जे होते, त्याचे स्पष्टीकरण यात सापडते.

तरीही रुसोच्या विवेचनात एक जागा रिकामी राहते. हाक गाईंसाठी होती. तिला उत्तर मात्र माणसांनी, तेही रडून दिले. ज्या हाकेने जनावर उठून चालू लागते, त्याच हाकेने माणूस जागच्या जागी झुरत बसतो. म्हणजे हाक येथे बदलली आहे. तिच्यामागचे मीठ गेले, वाट पाहणारा गुराखी गेला, उरला तो फक्त सूर. नॉस्टॅल्जिया म्हणजे ज्या हाकेला 'ओ' देता येत नाही अशी हाक, अशी व्याख्या करावीशी वाटते.

पुढील शतकातील कलावंतांनी हाच सूर उचलला. जर्मन कवी शिलर याने १८०४ सालच्या आपल्या 'विल्हेल्म टेल' या नाटकाच्या आरंभी गुराख्यांची चाल योजली. त्याच कथेवर रोसिनीने रचलेल्या १८२९ सालच्या संगीतिकेच्या प्रारंभिक वादनात, वादळ शमल्यानंतर, कोर आंग्ले नावाचे सुषिर वाद्य हा सूर छेडते आणि ऐकणाऱ्यापुढे डोंगरातील स्वच्छ सकाळ उभी राहते. १८३० साली बर्लिओझने आपल्या 'सिम्फनी फँटास्टिक' या रचनेच्या तिसऱ्या भागात दोन गुराखी एकमेकांना साद घालीत आहेत अशी योजना केली. त्या भागाच्या शेवटी एक वाद्य पुन्हा हाक घालते. दुसरे वाद्य उत्तर देत नाही. दूरवर केवळ ढगांचा गडगडाट होतो. 

या तिघांत बर्लिओझ मला सर्वांत खरा वाटतो. रोसिनीचा सूर रमणीय आहे, पण तो देखाव्याचा सूर आहे. त्यात कोणीच कोणाला बोलावीत नाही. बर्लिओझला मात्र कळले होते, की हाकेचा खरा कस तिला उत्तर मिळते की नाही, यावर लागतो. त्याने अनुत्तरित हाकेचे दुःख ऐकवले. तरीही या सर्वांच्या हाती गीताची फक्त चाल आली, कडवी आली नाहीत. वाद्यांना शब्दांची गरज नसते हे खरे. पण त्या कडव्यांत काय होते, हे पाहिल्यावर केवढा ठेवा बाजूला राहिला ते कळते.

धर्मगुरूच्या दारात पिएर

ग्रुयेरच्या गीताची कथा थोडक्यात अशी. कोलोंबेत नावाच्या कुरणावरचे गुराखी पहाटे उठून गाई घेऊन निघतात. वाटेत सखल जागी पाणी आडवे येते आणि कळपाला पुढे जाता येत नाही. तेव्हा ते पिएर नावाच्या सोबत्याला धर्मगुरूकडे पाठवतात. आम्हांला पलीकडे जाता यावे म्हणून एक मिस्सा अर्पण करा, अशी विनंती त्याने करायची आहे. पिएर दार ठोठावतो, विनंती करतो. धर्मगुरू उत्तर देतो, की पलीकडे जायचे असेल तर मला एक छोटे चीज दे; आणि हो, त्यावरची साय मात्र काढू नकोस! पिएर म्हणतो, तुमची मोलकरीण आमच्याकडे पाठवा, चांगले सायीचे चीज करून देऊ. धर्मगुरूला शंका येते. माझी मोलकरीण दिसायला फार छान आहे, तुम्ही तिला ठेवूनच घ्याल. पिएर हजरजबाबी आहे. फादर, घाबरू नका, चर्चची मालमत्ता घेतली तर आम्हांला पापक्षमा कुठून मिळणार, असे तो सांगतो. यावर धर्मगुरू नमतो. जा बाबा पिएर, मी तुमच्यासाठी नमो मरिया म्हणतो, तुम्हांला भरपूर दूध-चीज मिळो, आणि अधूनमधून भेटायला येत जा, असे म्हणून त्याची पाठवणी करतो. पिएर परत येतो, कळप पाणी ओलांडून पलीकडे जातो. गाईंना इतके दूध येते, की अर्ध्या गाईसुद्धा दोहून झालेल्या नसताना कढई भरून रेनेट घालावे लागते. 

काही वाचकांना मोलकरणीचा हा विनोद धर्मगुरूंना न शोभणारा वाटेल. पण संत एकनाथांच्या भारुडांची सवय असलेल्या मराठी कानाला यात आगळीक दिसू नये. हसवता हसवता वर्मावर बोट ठेवायचे, ही लोककवीची जुनी रीत. शिवाय पिएरच्या बोलण्यात धर्मगुरूविषयी द्वेष नाही. तो त्यालाच शरण आला आहे, त्याचीच प्रार्थना त्याला हवी आहे. हा बंडखोराचा उपहास नाही. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला काढलेला चिमटा आहे. चर्चला बाहेरून हसणारे पुष्कळ असतात. आतून, प्रेमाने आणि बरोबर जागी हसणारा मिळणे ही चर्चच्या निकोपतेची खूण होय.

या गीताची खरी करामत त्याच्या रचनेत आहे. प्रत्येक कडव्यानंतर पालुपद परत येते. धर्मगुरू चीज मागतो, आणि लगेच डोंगरावरून हाक उमटते, या, दूध काढायचे आहे! कवी एका शब्दानेही टीका करीत नाही; पालुपदच ती करून जाते. गाई दोहणारा पिएर येथे स्वतः दोहला जात आहे. गुराखी गाईंना जे करतो तेच धर्मगुरू गुराख्याला करू पाहतो. पण दोघांत एक अंतर आहे. गुराख्याने आधी गाईंना कुरणावर नेले, राखले, मीठ चाटवले आणि मग दूध मागितले. धर्मगुरूने काही देण्याआधीच मागितले. त्याची मागणी सायीसकट होती, हा तपशील तर मोठा बोलका आहे.

गीताचा शेवटही तितकाच नेमका आहे. अट होती तोवर पाणी आडवे होते. अट सुटली, विनामूल्य नमो मरिया मिळाली आणि वाट मोकळी झाली. ते चीज अखेर धर्मगुरूला मिळाले की नाही, हे गीत सांगत नाही. सांगायची गरजही नाही. कढई भरून वाहणारा गुराखी आपल्या फादरला उपाशी ठेवील काय? जे अट घालून मिळाले नाही, ते न मागता मिळाले असेल, अशी शक्यता कवीने उघडी ठेवली आहे.

दूध घेण्याचा अधिकार

हा प्रश्न चर्चला नवा नाही. जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांची कठोर हजेरी घेतली आहे. संत ऑगस्टीनने या अध्यायावर दिलेले दीर्घ प्रवचन आजही धर्मगुरूंच्या दैनिक प्रार्थनाग्रंथात वाचायला असते. त्यात दूध आणि लोकर या दोन गोष्टींचा तो सविस्तर विचार करतो. लोक आपल्या मेंढपाळाच्या चरितार्थासाठी जे देतात ते दूध. त्याला जो मान देतात ती लोकर. दूध घेणे गैर आहे असे ऑगस्टीन म्हणत नाही. कळप राखणाऱ्याने त्याचे दूध प्यावे, हा अधिकार संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना मान्य केला आहे, जरी स्वतः त्याने तो वापरला नाही. दोष आहे तो कळपाकडे केवळ दुधासाठी पाहण्यात.

चर्चच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतही हेच सूत्र दिसते. मिस्सा अर्पण करण्यासाठी भाविकाने दिलेले दान धर्मगुरूने स्वीकारावे, यास तिथे मान्यता आहे. मात्र त्याच कलमात, विशेषतः गरजूंसाठी, दान मिळाले नाही तरी मिस्सा अर्पण करावी अशी कळकळीची सूचना आहे. आणि थोड्या पुढे, या बाबतीत व्यापाराचा आभाससुद्धा टाळावा असे बजावले आहे. कायद्याने कलमांत जे सांगितले, ते ग्रुयेरच्या अनाम गुराख्याने एका छोट्या चिजाच्या गोष्टीत सांगून टाकले होते.

गंमत म्हणजे या गीताचे सामूहिक गायनासाठीचे प्रसिद्ध रूप एका धर्मगुरूनेच सिद्ध केले आहे. फादर जोसेफ बोवे (१८७९-१९५१) हे ग्रुयेरच्याच मातीतले संगीतकार. त्यांनी या गीतावर गायकवृंदासाठी स्वरसाज चढवला. आपल्याच व्यवसायबंधूची फिरकी घेणारे गीत धर्मगुरूने गावोगावच्या गायकांच्या तोंडी द्यावे, यात मनाचा जो मोकळेपणा आहे, तो त्यांच्या संगीताइतकाच दाद देण्याजोगा आहे. वेवे या गावी एका पिढीत एखाद्या वेळीच भरणाऱ्या द्राक्षमळेकऱ्यांच्या उत्सवात हे गीत १८१९ पासून गायले जाते. अगदी अलीकडचा उत्सव २०१९ साली झाला. आल्प्सच्या कुरणांवरील हंगामी जीवनाला युनेस्कोने २०२३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हे सारे आनंदाचे आहे. मात्र वारसा जपताना पुन्हा सूरच जपला जाऊ नये, एवढी अपेक्षा. आजही अनेकदा मोजकीच कडवी गायली जातात. पिएर दार ठोठावतो ते कडवे गळाले, तर हे गीत केवळ डोंगराचे सुंदर चित्र होऊन राहील.

आवाज पोहोचेल तिथवर

याच देशाच्या मध्यभागातील कॅथलिक डोंगराळ प्रांतांत आणखी एक प्रथा आहे. तिचा उल्लेख केल्याखेरीज हा विचार पुरा होत नाही. दिवस मावळला, दूध काढून झाले, की गुराखी एका उंचवट्यावर उभा राहतो. दूध गाळण्याचे लाकडी नरसाळे तोंडाशी धरतो आणि त्यातून मोठ्याने प्रार्थना म्हणतो. चाल साधीच, आपल्या मिस्सेतील गद्यप्राय गायनासारखी दोनचार सुरांवर चालणारी. तीत देवाला, पवित्र मरियेला आणि संतांना हाक असते. रात्रभर माणसांना, गुरांना, कुरणावरील सर्वांना सांभाळावे असे मागणे असते. आवाज जिथवर ऐकू जातो तिथवर संरक्षण लाभते, अशी त्या लोकांची श्रद्धा आहे. 

नरसाळे दुधाचे आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. ज्या साधनातून दिवसा दूध घेतले, त्याच साधनातून रात्री आशीर्वाद दिला जातो. घेणे आणि देणे एकाच हातून, एकाच लाकडी पात्रातून. शिवाय या हाकेत अट नाही. तिच्या टप्प्यात कोणाची गाय चरते आहे, शेजाऱ्याची की स्वतःची, हे विचारले जात नाही. आवाजाचा पल्ला हाच जबाबदारीचा पल्ला! चीज मागणाऱ्या धर्मगुरूपाशी जे कमी पडले होते, ते येथे एका गुराख्यापाशी आहे.

आज आमचा, म्हणजे धर्मगुरूंचा आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी दूर पोहोचतो. चर्चच्या घंटेला ध्वनिक्षेपकाची जोड मिळाली, ध्वनिक्षेपकाला भ्रमणध्वनीवरील संदेशांची. धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला दिवसातून दोनदा हाक मारणे आता सहज शक्य आहे, आणि आम्ही ती मारतोही: सभेसाठी, वर्गणीसाठी, सणासाठी, इमारत निधीसाठी. या हाका अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. चर्चचा गाडा त्यांच्यावर चालतो. परंतु लोक पूर्वीसारखे येत नाहीत, विशेषतः तरुण येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो तेव्हा ग्रुयेरच्या गुराख्याचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. आपल्या हाकेमागे आजवर काय आले? हाक ऐकून जे आले त्यांच्या तळहाताशी काही पडले काय, की फक्त दूध काढून घेतले गेले? मेंढरे आवाज ओळखतात, हे प्रभूचे म्हणणे दिलासा देणारे आहे, तसेच सावध करणारेही आहे. कारण ती रिकामी हाकही ओळखतात.

हा प्रश्न केवळ धर्मगुरूंपुरता नाही. मुलांना घरी बोलावणारे आईवडील, विद्यार्थ्यांना वर्गात बोलावणारे शिक्षक, कार्यकर्त्यांना हाक देणारे पुढारी, या सर्वांना तो लागू आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना उद्देशून, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्याला ग्रुयेरचे गीत एक जोड देते: मेंढपाळाच्या हाताला मिठाची चव असायला हवी.

आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी जी घटना आहे, तिची जागाही गोठ्यातलीच आहे. संत लूक सांगतो, की बाळ येशूला गव्हाणीत ठेवले होते. मराठी ख्रिस्ती घरांत 'गव्हाण' या शब्दाभोवती आता नाताळच्या दिव्यांचे इतके वलय जमले आहे, की तिचा मूळ अर्थ जनावरांच्या वैरणीची जागा हा आहे, याचे भान राहत नाही. हाक ऐकून गुरे येतात ती गव्हाणीशीच. तिथे वैरणीच्या जागी हाक मारणारा स्वतःच निजला होता. मिस्सेत आपण ज्या भोजनासाठी बोलावले जातो, त्याची ही पहिली खूण होय.

सगळी कडवी ध्यानात घेऊन हे गुराखीगीत वाचावे, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते. संगीतरसिकांनी त्याचा सूर ऐकला, वैद्यांनी त्यातला आजार ऐकला. पाण्याच्या काठी अडलेला कळप आणि धर्मगुरूच्या दारात उभा असलेला पिएर मात्र अजून उत्तराची वाट पाहत आहेत. गीतातील धर्मगुरूने थोडी कुरकुर करून का होईना, शेवटी योग्य उत्तर दिले. आपल्या दारात कोणी पिएर येईल, तेव्हा त्याला तिष्ठत ठेवण्याची पाळी आपल्यावर न येवो.